प्रकाशापासून द्रव्य : एका कल्पनेचा व एका शब्दाचा इतिहास

अमरावती-अकोल्याकडील वैशाखाचे ऊन ज्याने सोसले आहे, त्यास प्रकाश ही जड वस्तू वाटली तर नवल नाही. तथापि त्या उन्हातील एकेका प्रकाशकणाची ऊर्जा अवघी दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. प्रकाशापासून इलेक्ट्रॉन व त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन अशी जोडी व्हावयाची तर निदान १० लक्ष २२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट हवेत. म्हणूनच आपल्या धाब्यांवर उन्हाने द्रव्याची रास पडत नाही.

अशी जोडी होते, हे मात्र निर्विवाद आहे. १९३२ साली अँडरसन यांना विश्वकिरणांत पॉझिट्रॉन आढळला व १९३३ साली ब्लॅकेट आणि ओक्कियालिनी यांनी जोडीच्या निर्मितीचा पुरावा दिला. मुंबईत १९०९ साली जन्मलेले होमी भाभा त्या काळी केंब्रिज येथे होते. १९३७ साली त्यांनी हाइटलर यांच्यासह या निर्मितीची साखळीच गणिताने मांडली. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना गॅमा किरण सोडतो. त्या किरणाची दुसऱ्या अणुकेंद्राजवळ जोडी होते. जोडीतील कण पुन्हा किरण सोडतात. आणि ऊर्जा वाटली जाऊन पुरेनाशी झाली की हा वर्षाव ओसरतो. (कार्लसन व ओपेनहायमर हेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे येथवर पोहोचले होते.) विश्वकिरणांचा हा मारा अकोल्यापेक्षा सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यास अधिक असतो.

येथे अणुकेंद्राचे साहाय्य लागते. केवळ दोन प्रकाशकणांच्या भेटीतून जोडी होईल, असे ब्राइट व व्हीलर यांनी १९३४ साली दाखविले. परंतु प्रयोगशाळेत ती पाहण्याची आशा त्यांना नव्हती. १९९७ साली स्टॅनफर्ड येथे अनेक प्रकाशकण एकवटून हे साधले. २०२१ साली ब्रुकहेवन येथील संशोधकांनी जवळून निसटणाऱ्या सुवर्णकेंद्रांच्या क्षेत्रांतून सहा हजारांहून अधिक जोड्या मिळाल्याचे प्रसिद्ध केले. त्या क्षेत्रांतील प्रकाशकणांस 'खरे' म्हणावे काय, याविषयी मतभेद आहेत.

आता शब्दाकडे वळू. 'प्रकाशाचे द्रव्य झाले' हे वाक्य वैशेषिकांस निरर्थक वाटले असते, कारण त्यांच्या नऊ द्रव्यांत तेज हे स्वतःच एक द्रव्य आहे. 'पदार्थ' म्हणावे तर त्यांच्या लेखी गुण आणि कर्म हेही पदार्थच. आणि आपल्या घरी पदार्थ म्हटले की ताट आठवते! भौतिकीने 'द्रव्य' हा शब्द घेतला, पण त्याचा जुना अर्थ बाहेर ठेवला. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त सोने हे तैजस मानले आहे, यावरून ब्रुकहेवनच्या सुवर्णकेंद्रांशी नाते जोडण्याचा मोह काहींस होईल. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. तेथे सोन्याचे महत्त्व इतकेच की केंद्रातील ७९ प्रोटॉनांमुळे क्षेत्र प्रबळ होते. अन्नंभट्टाचा प्रश्न वर्गीकरणाचा होता, निर्मितीचा नव्हे. विद्यार्थ्यांनी 'युग्मनिर्मिती' असे लिहावे. कशाचे काय झाले, हे त्या शब्दात नसले तरी किती झाले, हे तरी आहे.