तळटीप : ‘न्यूझीलंडचा मार्ग’

* ‘न्यूझीलंडचा मार्ग’ : अपघातात जखमी झालेल्याने कोर्टाची पायरी चढायची आणि समोरच्याची चूक सिद्ध करून भरपाई मिळवायची, हा इंग्रजी कायद्याचा जुना रिवाज न्यूझीलंडने जवळजवळ मोडीत काढला. न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ साली अशा खटल्यांना लॉटरीच ठरवले होते : दुखापत सारखीच, पण एकाला घबाड आणि दुसऱ्याला भोपळा.

१ एप्रिल १९७४ पासून नवा कायदा लागू झाला आणि चूक कोणाची, हा प्रश्नच बाद ठरला. शिडीवरून पडलेला असो, रग्बीत खांदा निखळलेला असो की मोटारीखाली सापडलेला, उपचारांच्या खर्चाला हातभार मिळतो; कमावत्याला बुडालेल्या मिळकतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. पैसा येतो मालक-कामगारांची वर्गणी, वाहनांवरील आकार आणि सरकारी तिजोरीतून. मोबदल्यात शारीरिक इजेच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क गेला. दंडात्मक भरपाईचे दार तेवढे किलकिले राहिले.

बहुतेक आजार मात्र योजनेबाहेर आहेत, ही तिच्यावरची जुनी टीका.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात.