अजानवृक्षाची मुळी : आजार, शुद्धी आणि संहिता

गंभीर आजारातून उठलेला माणूस पूर्वीचाच राहतो की दुसरा होतो, या प्रश्नाला मानसशास्त्राने स्वतंत्र परिभाषा दिली ती तशी अलीकडेच. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी 1990च्या दशकाच्या मध्यास ‘आघातोत्तर वाढ’ ही संकल्पना मांडली आणि 1996 मध्ये ती मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. ही मोजणी अर्थातच त्या माणसाच्या स्वतःविषयीच्या सांगण्यावर चालते. साहित्याच्या अभ्यासकाची अडचण येथेच सुरू होते. आपल्या परंपरेत आजारानंतरची वाढ ‘मी’च्या निवेदनात सापडेलच असे नाही, ती पुष्कळदा हातून झालेल्या कामात शोधावी लागते.

याचे ठळक उदाहरण आमच्या खेड तालुक्यातलेच, आळंदीचे आहे. एकनाथांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात ज्ञानदेव स्वप्नात येतात, अजानवृक्षाची मुळी आपल्या कंठाला लागल्याचे सांगतात आणि ती काढण्यासाठी आळंदीस बोलावतात. परंपरेने याला आणखी एक धागा जोडला : त्या वेळी खुद्द एकनाथांचाच कंठ दुखत होता, आणि ज्ञानदेवांच्या कंठाची मुळी दूर होताच त्यांचेही दुखणे गेले. पुढे शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ची प्रतिशुद्धी पूर्ण केली. शुद्धीची नोंद करणाऱ्या ओव्यांत शक, संवत्सर आणि पाठांच्या अशुद्धतेचा निर्देश आहे, आजाराचा नाही.

वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये आपली ‘ज्ञानेश्वरी’ प्रसिद्ध केल्यापासून अभ्यासकांचे लक्ष एकनाथपूर्व पाठाकडे वळले, आणि ते योग्यच झाले. मात्र या चर्चेत कंठाच्या दुखण्याची कथा भाविकांसाठी सोडून देण्यात आली. कथेला इतिहास मानण्याचे कारण नाही. पण सांगणाऱ्यांना या ठिकाणी आजारच का हवासा वाटला, हा प्रश्न तरी इतिहासाचाच आहे.

कंठ हे कीर्तनकाराचे साधन. ज्याचा कंठ गेला त्याचे लोकांशी असलेले नातेच तुटले. 1533च्या सुमारास जन्मलेले एकनाथ तेव्हा पन्नाशीत होते. वाराणसीस 1573 मध्ये भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण करून ते ग्रंथकार म्हणून सिद्ध झालेले होते. अशा लेखकाला दुखण्याने काय दिले? कथा म्हणते, स्वतःच्या वेदनेत दुसऱ्याची वेदना ओळखण्याची दृष्टी दिली. ज्ञानदेवांच्या समाधीला, 1296 नंतर, जवळजवळ तीन शतके लोटली होती. त्या काळात संहितेभोवती वाढलेले अपपाठ आणि कंठाभोवती वाढलेली मुळी यांतील साम्य योगायोगाचे वाटत नाही. उपचार एकच : वाढलेले काढायचे, मूळ अंगाला धक्का लावायचा नाही. ‘ज्ञानेश्वरी’त स्वतःची ओवी घालणाऱ्याविषयीचा अमृताच्या ताटातील नरोटीचा दृष्टान्त याच संयमातून आलेला आहे. स्वतः समर्थ कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ग्रंथात स्वतःला मागे ठेवणे, ही वाढ कोणत्या प्रश्नावलीत बसवायची?

केरळातील मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांनी 1586च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ त्याच वेळी, ‘नारायणीयम्’ पूर्ण केले. वातरोगाने पीडित कवी गुरुवायूरच्या देवापुढे आपले दुखणे पुनःपुन्हा मांडतो, बरे करण्याची याचना करतो. तिथे आजार काव्याच्या आत बोलतो. आळंदीच्या कथेत तो संहितेच्या उंबऱ्याबाहेर थांबतो. दोन्ही रीती भक्तीच्याच. पण वाचकाकडून त्यांची अपेक्षा वेगवेगळी आहे.

आधुनिक काळातील दुर्गा भागवत यांचे उदाहरण अधिक कठीण आहे, कारण तेथे चमत्कार नाही. मध्य प्रदेशातील आदिवासी भागात संशोधन करीत असताना विषारी सुरण पोटात गेल्याने त्यांना सुमारे सहा वर्षांचे आजारपण आले. डॉक्टरेटचा प्रबंध राहिला तो राहिलाच. पुढे 1956 मध्ये ‘ऋतुचक्र’ पुस्तकरूपाने आले : चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे बारा महिने, आणि झाड, फूल, पाखरू यांच्यातील बारीक बदलांवर स्थिरावलेली नजर. आजारपणामुळे ‘ऋतुचक्र’ झाले, असे विधान मी करणार नाही. आधी घडले ते कारण, हा तर्क चरित्रकारांना सोयीचा असला तरी समीक्षेला परवडत नाही. त्याच आजारातून 1975च्या कराड संमेलनातील आणि आणीबाणीतील निर्भयतेपर्यंत सरळ रेघ ओढणे तर फारच सोपे. एवढेच म्हणता येते की, दीर्घकाळ अडकून पडलेल्या माणसाला काळाची चक्राकार गती जशी जाणवेल तशीच ती या लेखनात जाणवते. हुकलेला प्रबंध मात्र त्याने भरून निघत नाही. ‘वाढ’ या शब्दाने नुकसानीवर पांघरूण घातले जाते, आणि जे उठलेच नाहीत त्यांची गणती तर कथनात होतच नाही.

दुर्गाबाई पुढे ‘पैस’ (1970) मध्ये नेवाशाच्या खांबापाशी जातात, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ सांगितला असे परंपरा मानते. एकनाथ आळंदीला समाधीपाशी पोचतात, त्या खांबापाशी. मधली सुमारे चारशे वर्षे ओलांडून दोघांनाही हात लावावासा वाटला तो ज्ञानदेवांच्या शब्दांजवळच्या एखाद्या जड, मूक वस्तूला : एकाला मुळीला, दुसरीला दगडाला.