कापूस, साखर आणि कागद : शिरड शहापूर परिसरातील हातच्या भेटींचा इतिहास

सणाला, बारशाला आणि लग्नाला द्यायची वस्तू घरीच हाताने करण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले, औंढा ते वसमत या वाटेवरचे शिरड शहापूर आणि त्याच्या भोवतीची गावे याला अपवाद नाहीत. काय करायचे हे सणावर ठरे, कोणी करायचे हे नात्यावर आणि कशाचे करायचे हे शेतावर. पहिल्या नातवंडाची कुंची आजोळाने शिवायची, नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने सासूने करायचे, लेकीच्या लग्नातले रुखवत आई, मावश्या आणि मैत्रिणींनी मांडायचे. त्यामुळे वस्तू पाहिली की देणाऱ्याचे नाते कळत असे. गेल्या दीडशे वर्षांत शेतातल्या साहित्याची जागा हळूहळू बाजारातल्या साहित्याने घेतली. नात्याचा नियम मात्र त्यानंतरही बराच काळ टिकला.

या परंपरेचा पाया कापूस आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी जमीन कापसाची. निजामाच्या राज्यात हिंगोली ही कापसाची मोठी पेठ होती. १९०३ पर्यंत तेथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी असल्याने व्यापाराला जोरही होता. पेठेत गाठी जात, पण घरच्या देवासाठी आणि सणासाठी थोडा कापूस बाजूला काढून ठेवलेला असे. सरकी काढून, हाताने पिंजून त्याची वस्त्रमाळ होई. बोट किंचित ओले करायचे, चिमटीने कापूस ओढत बारीक दोरा काढायचा आणि ठराविक अंतरावर फुगीर मणी सोडत जायचे. मण्यांच्या मध्ये कुंकवाचे बोट लावले की ही माळ, म्हणजे गेजवस्त्र, तयार. त्याच कापसाच्या फुलवाती, समईच्या लांब वाती आणि चातुर्मासात नेमाने वळलेल्या लक्षवाती होत. घरातल्या म्हाताऱ्या बायका दुपारभर वाती वळत आणि सणाआधी लेकीसुनांना, शेजारणींना वाटून देत. डोळ्यांना नीट दिसेनासे झाले तरी बोटांना जमणारे हे काम होते. वय झालेल्या बाईचा सणातला वाटा त्यातून राखला जाई.

भाद्रपदातल्या गौरींना मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मुळावर विसर्जन असा हा तीन दिवसांचा सण. या वेळी सुताचे सोळा पदर घेऊन, सोळा गाठी मारून, हळदीत रंगवून पोवते करतात. सूत कापसाच्या पट्ट्यातले आणि हळद वसमत भागातली, म्हणजे दोन्ही जिन्नस याच मातीतले. देवीच्या डोक्यावर टांगण्याचा फुलोराही घरीच होई. करंज्या, वेणी, फणी, करंडा अशा आकारांचे तळलेले पदार्थ दोऱ्यात ओवून बांधत. देवीचा साजशृंगार पिठातून घडवण्याची ही कला आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे पाहून पाहून गेली.

बाळाच्या जन्माशी जोडलेल्या वस्तूंना मिळून बाळंतविडा म्हणतात. त्यात अंगडे, टोपडे, कुंची, दुपटी, लाळेरे आणि पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या असत. दुपट्यासाठी मुद्दाम जुने सुती लुगडे किंवा धोतर घेत, कारण अनेकदा धुतलेले कापड मऊ असते आणि बाळाच्या अंगाला टोचत नाही. दोन-तीन थर एकावर एक पसरून बाहेरच्या कडेपासून आत धावदोरा घालत नेत. मोठ्या माणसांची वाकळ किंवा गोधडीही याच टाक्याने होई. शिंप्याकडच्या चिंध्या तिला ठिगळांसाठी लागत. आजीचे लुगडे नातवाच्या अंगाखाली येई, आणि या देण्यात घरातली माणसे एकमेकांच्या जवळ राहत. कुंची त्याहून नटवी असे. खणाचे किंवा रेशमी कापड, कडेला मणी, टिकल्या, कधी जरीची पट्टी. चिमण्यांसाठी चिंध्या त्रिकोणी शिवून आत कापूस भरत. वाऱ्याने त्या हलल्या की बाळाची नजर त्यांच्यावर खिळे. बाजारात खेळणी मिळत नव्हती त्या काळातले बाळाचे हे पहिले खेळणे.

श्रावण अमावास्येचा पोळा हा बैलांचा सण. त्याचे दागिने घरात होत तसे गावगाड्यातल्या कारागिरांकडेही होत. अंबाडीची झाडे कापून पाण्यात कुजवत ठेवायची, सालीचा वाख सोडवून धुवायचा, वाळवायचा आणि त्यापासून दोर वळायचे. कासरे, वेसण, म्होरकी, कपाळावरच्या मटाट्या आणि रंगीत गोंडे असा सगळा साज यातून होई. दोर वळण्याचे हे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या कारागिरांनी केले. मोबदला पैशात नव्हे, तर सुगीच्या धान्यात, बलुत्याच्या रूपाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या देवघेवीची व्यवस्था तपशिलाने नोंदवलेली आहे. ज्यांच्या हातच्या साजाने गावाचे बैल मिरवत, त्यांना मात्र गावात बरोबरीची जागा मिळत नव्हती. या कलेचा इतिहास सांगताना ही गोष्ट वगळता येत नाही. पुढे नायलॉनची दोरी आली, ट्रॅक्टर आले आणि अंबाडीचे दोर मागे पडले. अंबाडी आता मुख्यतः भाजीपुरती उरली आहे.

लग्नातल्या हस्तकलेचे सर्वांत मोठे दालन म्हणजे रुखवत. वधूपक्षाने मांडायचे हे प्रदर्शन मुळात खाण्याचे होते. लाडू, करंज्या, चकल्या, पापड, कुरडया, सांडगे, शेवया हे सारे टोपल्यांत, ताटांत रचत आणि त्यावरून रुखवताचे उखाणे रंगत. उन्हाळ्यात लग्नसराई सुरू होण्याआधी गल्लीतल्या बायका एकत्र बसून शेवया वळत, कुरडया घालत. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, असे ते काम फिरे. पैसा कमी असलेल्या घराचेही रुखवत शेजारच्या हातांनी उभे राही. शोभेच्या वस्तू पुढे त्यात आल्या. करवंटीचे तुळशीवृंदावन, तांदूळ आणि डाळी चिकटवून केलेली चित्रे, सुपारीची बाहुला-बाहुली, मण्यांची तोरणे आणि सप्तपदीची सात पावले मांडलेला लहानसा देखावा ही त्यांतली परिचित नावे. नवऱ्या मुलीचे हात किती वळणदार आहेत हे वरपक्षाने पाहावे, असा त्यामागचा एक हेतू होता. मुलीची अशी परीक्षा आज कोणी योग्य म्हणणार नाही. पण ज्या काळात तिच्या बुद्धीला आणि कल्पकतेला दुसरीकडे वाव नव्हता, त्या काळात रुखवताच्या टेबलावर तिचे काम तिच्या नावाने मांडले जाई, हेही खरे आहे.

या भागातल्या बंजारा तांड्यांची परंपरा वेगळी आणि फार देखणी आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणारा हा समाज रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर जुन्या व्यापाराला मुकला आणि तांड्यांत स्थिरावला. स्त्रियांचे भरतकाम मात्र टिकले. फेटिया, काचळी आणि छाटिया या पोशाखावर आरसे, कवड्या, शिंपले आणि नाणी टाकून भरलेली नक्षी असते. लग्नात मुलीबरोबर द्यायच्या पिशव्या आणि चौकोनी रुमालही असेच भरलेले असत. मुलीच्या लग्नाची तयारी आई बरेच आधीपासून सुरू करी, कारण इतके दाट टाके घाईने पडत नाहीत.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पूर्णा ते हिंगोली हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि वसमत त्यावर आले. गिरणीचे सूत, रंगीत रेशीम, काचेचे मणी, बेगड आणि शिवणयंत्र आडगावांपर्यंत पोचण्याची वाट त्याने सोपी केली. त्याच सुमारास मराठी मुलखात मुलींच्या शाळा आणि स्त्रियांची मासिके विणकाम-भरतकामाला प्रतिष्ठा देत होती. पुण्यात सेवासदन १९०९ मध्ये स्थापन झाले, ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये निघाले. निजामाच्या राज्यात शिक्षणाचा व्यवहार राजभाषा असलेल्या उर्दूत होता आणि खेड्यात मुलींच्या शाळा तुरळक होत्या. त्यामुळे हे वारे इकडे उशिरा आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर शाळा वाढल्या. शिकलेल्या सुना, शिक्षिका आणि नोकरदारांच्या बायका यांच्याबरोबर दोसुतीवरचे भरतकाम, साखळी टाका, काश्मिरी टाका आणि क्रोशाचे रुमाल गावात आले. कापडाची फुले, लोकरीची तोरणे आणि प्लॅस्टिकच्या वायरीच्या पिशव्या रुखवतात दिसू लागल्या त्या यानंतरच्या दशकांत.

संक्रांतीच्या हातकामाचा इतिहास हा साखरेचा इतिहास आहे. तीळ आणि गूळ ही जुनी जोडी. पांढरी साखर पूर्वी महाग आणि बाहेरून येणारी होती. मॉरिशसहून येणाऱ्या साखरेला मराठीत मोरस साखर म्हणत. १९३२ मध्ये देशी साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर कारखाने वाढले. पुढे सहकारी कारखान्यांनी महाराष्ट्रात साखर घरोघरी पोचवली. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकात पूर्ण झाली. सिद्धेश्वर तर औंढा तालुक्यातच आहे. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना झाला. पिढ्यान्‌पिढ्या कापूस-ज्वारीच्या असलेल्या शिवाराशेजारी साखर तयार होऊ लागली.

हलवा करण्याचे तंत्र साधे दिसते, पण ते फार चिकाटी मागते. खसखस, तीळ किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद आचेवर ठेवायचा आणि साखरेचा स्वच्छ पाक चमच्या-चमच्याने सोडत बोटांनी सारखे हलवत राहायचे. एक थर सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. पाक जास्त झाला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर रंग पिवळा पडतो. पौषातली कोरडी थंडी काटा येण्यास अनुकूल असते, म्हणून हे काम पहाटे किंवा सकाळी करतात. मनाजोगता काटा यायला काही दिवस लागतात. बोटे भाजतात, पण काटेरी पांढरा दाणा परातीत चमकू लागला की केल्याचे चीज होते. हे दाणे दोऱ्यात ओवून किंवा पुठ्ठ्यावर चिकटवून मंगळसूत्र, नथ, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी घडवतात. नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हे दागिने घालतात, जावयाला हार आणि गुच्छ देतात. बोरन्हाणाला बाळासाठी मुकुट आणि बासरी होते. त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे आणि हलवा ओततात आणि जमलेली मुले ते वेचतात. हलवा सोडला तर उसासह हे सारे त्या ऋतूतले शिवारातले पीक. होळी आणि गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी मात्र घरी क्वचितच होत. लाकडी साच्यात दोरा ठेवून त्यावर पाक ओतण्याचे ते काम हलवायांचे. घराने त्या विकत आणून मुलांच्या गळ्यात घालायच्या.

कागदाच्या भेटी या सर्वांत उशिरा आल्या. मराठवाड्याला हातकागदाची जुनी ओळख आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानी हलवली तेव्हापासून जवळच्या कागजीपुऱ्यात कागद होत आला, अशी परंपरा सांगितली जाते. पण तो कागद दप्तराचा आणि पोथीचा. खेड्यात लग्नाचे आमंत्रण तोंडी आणि अक्षता देऊन होई. पत्राची सवय टपालाने लावली. हैदराबाद संस्थानाने १८६९ पासून स्वतःची तिकिटे काढली आणि १९५० मध्ये ही टपालव्यवस्था भारतीय टपालखात्यात मिळाली. मुले शिकायला आणि नोकरीला बाहेर गेली, तेव्हा गावातून तिळगुळाची पुडी पाकिटात घालून संक्रांतीचे भेटकार्ड जाऊ लागले. शहरातून दिवाळीचे येऊ लागले.

हाताने कार्ड करण्याची खरी शाळा म्हणजे गावची शाळाच. १९३७ च्या वर्धा योजनेने शिक्षणात हातकामाला जागा दिली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि तो महाराष्ट्राच्या शाळांत विषय झाला. भेंडीच्या किंवा बटाट्याच्या ठशांची नक्षी, रंगीत कागदाचे चिकटकाम, वाळलेली पाने, दोऱ्याची चित्रे अशा साध्या उपायांनी कार्ड होई. राख्या आणि कामट्यांचे आकाशकंदीलही याच तासाला होत. हातकाम आजवर मुलीच्या लग्नाशी बांधलेले होते. कार्यानुभवाच्या तासाला मुलगेही कात्री आणि सुई धरू लागले, हा या इतिहासातला मोठा बदल आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर या वस्तूंचे रूप पुन्हा बदलत होते. फोन आल्यावर कार्ड मागे पडले. तयार रुखवत, तयार बाळंतविडा आणि भाड्याने मिळणारे हलव्याचे दागिने बाजारात आले. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ नंतरचे ‘उमेद’ अभियान यांच्या बचत गटांतून खेड्यातल्या अनेक स्त्रिया वाती, पापड, कुरडया, गोधड्या आणि संक्रांतीचे दागिने विक्रीसाठी करतात. पूर्वी करणारी आणि देणारी एकच होती. आता करणारी एका गावात असते आणि देणारी दुसऱ्या शहरात. नात्याची खूण त्यामुळे थोडी पुसट झाली, पण एक जुना अन्याय कमी होण्याची वाट उघडली. वाती वळणाऱ्या, टाके घालणाऱ्या आणि पाकात बोटे भाजून घेणाऱ्या हातांना आजवर कौतुक मिळे, दाम मिळत नसे. आता तो मिळू लागला आहे. तो कामाच्या मोलाचा असावा, आणि मण्यांचे अंतर, काट्याची जाण, धावदोऱ्याची शिस्त पुढच्या पिढीला घरात आणि शाळेत शिकवली जावी, या दोन गोष्टींवर या कलेचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे.