डोळ्यांची चित्रे आणि आतली गाठ

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजे (दुसरे) यांच्या काळातले, म्हणजे १७९८ ते १८३२ या कारकीर्दीतले, नेत्ररुग्णांचे कागद आहेत. रोग्याची हकीकत, केलेले उपचार आणि सोबत डोळ्याचे चित्र. रोग्याची अशी नोंद ठेवावी हे राजाला सुचले, याचेच मला अप्रूप वाटते.

पण डोळा बाहेरून दिसतो. लघवी तुंबलेल्या म्हाताऱ्याच्या आतली गाठ कोण रंगवणार?

असे म्हातारे कावेरीकाठच्या गावांत असणारच. रामेश्वरच्या वाटेवर राजांची छत्रे होती. ओरतनाडचे मुक्तांबेच्या नावाचे त्यांतलेच. आजारी वाटसरूला तिथे औषध आणि पथ्याचे अन्न मिळे, असे सरफोजींनीच १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटाला कळवले होते. वैद्यांजवळ रोगाचे नावही होते. सुश्रुताने मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले, त्यांत वाताष्ठीला एक: गुदमार्ग आणि बस्ती यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ, तिने मलमूत्र अडते. जागा किती नेमकी सांगितली आहे! प्रोस्टेटला मराठीत अष्ठीला ग्रंथी म्हणतात, तो शब्द याच घराण्यातला. मात्र वयोमानाने वाढलेली ग्रंथी आणि कर्करोग यांची निवड त्या नावातून होत नव्हती.

ती निवड सूक्ष्मदर्शकाने केली. १८५३ मध्ये लंडनचे शल्यवैद्य जॉन ॲडम्स यांनी अशा गाठीचा तुकडा तपासून कर्करोग ओळखला आणि हा रोग फार दुर्मीळ असल्याचे लिहिले. तेव्हा तंजावरच्या गादीवर सरफोजींचे पुत्र शिवाजी होते. दोनच वर्षांनी ते वारले आणि गादी खालसा झाली. ॲडम्स खोटे बोलत नव्हते. मुळात म्हातारपण गाठणारे थोडे, आणि गेलेल्याची गाठ कापून पाहणारे त्याहून थोडे.

पुढे १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले की पुरुष-संप्रेरक तोडले की हा रोग ओसरतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

आज खरा दुर्मीळ म्हणावा तो याच ग्रंथीचा लघुपेशी कर्करोग. तो संप्रेरकांच्या उपचाराला सहसा दाद देत नाही. रक्तातला पीएसए पुष्कळदा कमीच राहतो, म्हणून रोगी आणि डॉक्टर दोघेही गाफील राहतात. त्यावर प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी देतात, तीही वेळेवर सुरू झाली तर. तो ओळखायचा तर सुईने तुकडा काढून, रंगवून, काचपट्टीवर पाहावा लागतो.