भरीत, खानदेशी

जळगाव-धुळे भागातील हिवाळी वांग्याचा पदार्थ. यासाठी लागणारे वांगे मोठे, फिकट हिरवे, पांढऱ्या रेघांचे आणि कमी बियांचे असते. यावल तालुक्यातील बामणोदची वांगी नावाजलेली आहेत. ‘जळगाव भरीत वांगी’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

भाजण्याची रीत या मातीतून आली. पाचोरा, भडगाव, जामनेर हा काळ्या जमिनीचा कपाशी पट्टा. वेचणी संपली की उरलेल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात. साल काळी पडून फुटते, गर मऊ होतो आणि त्याला धुराचा वास लागतो. गॅसवर हा वास येत नाही. सोललेला गर लाकडी बडगीत घोटतात. तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर घालतात. लाल तिखट घालत नाहीत. मिक्सरमध्ये गराचे दोरे तुटतात, म्हणून बडगीच खरी.

सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुरी, कच्चा कांदा आणि मुळा. चातुर्मासात अनेक घरी वांगे वर्ज्य असते. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू होते. त्यानंतर शेताशेतांत भरीत पार्ट्या रंगतात.