गोंदिया जिल्ह्यातील विडी कामगार दांपत्ये व निवृत्तिवेतनाच्या मागणीची वेळ : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. भातशेती, तेंदूपानांची जंगले व विडी उद्योग ही या भागाची जुनी ओळख होय. सट्टेदाराकडून पाने व तंबाखू आणून घरी विड्या वळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत आल्या. अशा कुटुंबात निवृत्तिवेतन केव्हा मागावे हा प्रश्न एकट्या कामगाराचा राहत नाही. तो पती-पत्नी दोघांच्या उतारवयाचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखाचा उद्देश या प्रश्नाची ऐतिहासिक जडणघडण स्पष्ट करणे हा आहे.

हक्काची वाटचाल :
भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 मध्ये संमत झाला. परंतु विडी उद्योगास तो 1977 मध्ये लागू करण्यात आला. घरी बसून विड्या वळणारी व्यक्ती 'कर्मचारी' ठरते काय, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात घरखेप कामगारांच्या बाजूने निर्णय दिला. त्यामुळे स्त्री ही केवळ कामगाराची पत्नी न राहता स्वतः सभासद होण्यास पात्र ठरली.

मृत्यूची वेळ व मागणीची वेळ :
1971 च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेत मासिक वेतनाचा लाभ सेवेत असताना सभासदाचा मृत्यू झाल्यासच कुटुंबास मिळत असे. सभासद निवृत्त झाल्यास त्याला एकरकमी रक्कम मिळे; पुढे त्याच्या मृत्यूनंतर विधवेस मासिक आधार नसे. म्हणजेच पत्नीचे भवितव्य पतीच्या मृत्यूच्या तारखेवर अवलंबून होते. 16 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने ही उणीव दूर केली. दहा वर्षे सेवा झालेल्या सभासदास वयाच्या 58 व्या वर्षापासून निवृत्तिवेतन व त्याच्या पश्चात विधवेस किंवा विधुरास त्याच्या निम्मी रक्कम, अशी तरतूद झाली.

अमेरिकेत 1939 च्या दुरुस्तीने पतीच्या हयातीतच पत्नीस स्वतंत्र लाभ देण्यात आला होता. भारतीय योजनेत मात्र जोडीदाराचा हक्क सभासदाच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. म्हणून सभासदाने घेतलेल्या निर्णयाचा परिणाम जोडीदारावर उशिरा, परंतु कायमचा होतो.

नोकरी सुटलेल्या सभासदास 50 व्या वर्षानंतर मुदतपूर्व निवृत्तिवेतन घेण्याची मुभा होती. त्यासाठी प्रत्येक वर्षामागे आरंभी 3 टक्के व 2008 पासून 4 टक्के कपात ठरली. 2016 च्या दुरुस्तीने 60 वर्षांपर्यंत थांबणाऱ्यास वर्षाला 4 टक्के वाढ देऊ केली. उदाहरणार्थ, 58 व्या वर्षी 3000 रुपये मिळणार असतील, तर एक वर्ष आधी मागणी केल्यास 2880 रुपये मिळतील. पश्चात जोडीदारास 1500 ऐवजी 1440 रुपये मिळतील. 1 सप्टेंबर 2014 पासून लागू झालेल्या 1000 रुपयांच्या किमान मर्यादेने विधवेस काही संरक्षण दिले. परंतु ती रक्कम अत्यल्पच होती.

निष्कर्ष :
कागदोपत्री थांबणे लाभाचे दिसते. तथापि थांबण्यासाठी तोपर्यंतच्या चरितार्थाची सोय लागते. तेंदूपानांचा हंगाम अल्पकाळाचा, विडीची मजुरी नगावर आणि शेती पावसावर, अशा स्थितीत मुदतपूर्व मागणी हा अविचार नसून गरज असते. शिवाय वयाचा दाखला व नोंदवहीतील नाव यांत चूक असल्यास निवडीचा अधिकारच निरर्थक ठरतो. काम पत्नीचे व नोंद पतीच्या नावे असल्यास तिचा स्वतःचा हक्क बुडतो आणि केवळ विधवेचा हक्क उरतो.

1971 ते 2016 या काळात कायद्याने कामगार दांपत्यास निवड दिली; निवड करण्याचे सामर्थ्य मात्र दिले नाही. म्हणून मुदतपूर्व अर्जावर सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी पश्चात जोडीदारास किती रक्कम मिळेल, हे पती-पत्नी दोघांनाही मराठीत समजावून सांगणे आवश्यक ठरते.