बीड जिल्ह्याच्या पर्जन्याची दैनिक नोंद : फाइलीच्या रचनेचा विचार

मराठवाड्यात ‘बहात्तरचा दुष्काळ’ हा शब्दप्रयोग लोकांच्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्या वर्षीच्या पर्जन्याची अन्य वर्षांशी तुलना करण्याची गरज बहुधा कोणाला वाटत नाही. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ती तुलना करावीच लागते. बालाघाटच्या डोंगररांगेने विभागलेल्या बीड जिल्ह्यात १९७२ साली पाऊस किती दिवस खंडला, आणि २०१५ साली तो खंड किती होता, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचे उत्तर मिळणे न मिळणे हे आकडे कोणत्या स्वरूपात साठविले आहेत यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते, ही गोष्ट दुर्लक्षित राहिली आहे.

या कामी उपलब्ध असलेले मुख्य साधन म्हणजे भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने सिद्ध केलेली १९०१ पासूनची दैनिक पर्जन्याची जालिका होय. देशातील ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून पाव अंश अक्षांश व पाव अंश रेखांश अशा अंतराने तिचे बिंदू काढलेले असून तिचे विवेचन ‘मौसम’ या नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झाले. १०,६९३ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या बीड जिल्ह्याच्या वाट्यास यांतील सुमारे पंधरा चौकटी येतात. त्यांतील कित्येक शेजारच्या जिल्ह्यांतही शिरतात, हे ओघानेच आले.

ही जालिका आरंभी साध्या द्विमान फाइलीत दिली गेली. तिची रचना अत्यंत काटकसरीची आहे. १३५ रेखांश व १२९ अक्षांश मिळून १७,४१५ बिंदू होतात. प्रत्येकास चार बाइट, म्हणजे एका दिवसास ६९,६६० बाइट, आणि सामान्य वर्षास सुमारे अडीच कोटी बाइट. एका दिवसामागून दुसरा दिवस, याच क्रमाने आकडे ठेवलेले आहेत. त्यामुळे कोणत्याही एका दिवसाचा भारताचा नकाशा हवा असल्यास तो एका सलग वाचनात हाती येतो.

अभ्यासकाचा प्रश्न मात्र बहुधा याच्या उलट दिशेचा असतो. अंबाजोगाईलगतच्या एकाच बिंदूचा १९०१ ते २०२० पर्यंतचा पाऊस पाहावयाचा म्हटले की, ४३,८३० दिवसांतून प्रत्येकी चार बाइट वेचावे लागतात. कामाचा मजकूर पावणेदोन लाख बाइटांचा, आणि तो तीन अब्ज बाइटांत विखुरलेला! क्रम उलटवून प्रत्येक बिंदूची सर्व वर्षे सलग ठेवली, तर हा त्रास नाहीसा होतो. पण मग एका दिवसाच्या नकाशासाठी १७,४१५ ठिकाणी उड्या माराव्या लागतात. फाइलीची मांडणी ठरविणारा मनुष्य कोणता प्रश्न स्वस्त व कोणता महाग हे अशा रीतीने आधीच ठरवून टाकतो.

या पेचातून मार्ग काढण्याचे श्रेय अमेरिकेतील दोन परंपरांकडे जाते. इलिनॉय येथील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात एचडीएफ हे स्वरूप आकारास आले. त्याची पुनर्घटित आवृत्ती एचडीएफ-५ ही १९९८ सालची. बोल्डर येथील युनिडेटा या संस्थेने १९८९ साली नेटसीडीएफ प्रसृत केले, आणि २००८ साली त्याची चौथी आवृत्ती एचडीएफ-५ च्या पायावर उभी केली. या स्वरूपांत आकड्यांचे लहान लहान ठोकळे पाडता येतात : दहा बिंदू रुंद, दहा बिंदू उंच व एक वर्ष लांब, असा एक ठोकळा कल्पावा. मग नकाशा व कालमाला या दोहोंसाठी वाचन माफक राहते. प्रत्येक ठोकळा निराळा संकुचित करता येतो, हा आणखी एक लाभ. वर्षाचे आठ महिने बहुतांशी कोरडे जाणाऱ्या प्रदेशात शून्यांची रांग लागलेली असते, आणि शून्ये फार थोड्या जागेत मावतात. सबंध फाइल एकदम संकुचित केली, तर मधला भाग वाचण्यासाठी आरंभापासून ती उलगडीत यावे लागते.

अनेक प्रोसेसरांनी एकाच वेळी चित्र रेखाटावयाचे असेल, तेव्हा या भेदाचे महत्त्व वाढते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय पोथीऐवजी लांबलचक पासोडीवर आकृत्यांसह मांडला. पोथी एकाने उलटावी. पासोडीसमोर मात्र अनेकजण निरनिराळ्या जागी उभे राहून वाचू शकतात. साध्या द्विमान फाइलीतही हा गुण आहे, हे मान्य करावयास हवे. कोणता दिवस कितव्या बाइटास सुरू होतो हे गणिताने कळते, म्हणून प्रत्येक प्रोसेसरास एकेक वर्ष वाटून देणे अगदी सुलभ असते.

जालिका तीन अब्ज बाइटांची आहे, तोवर हा सारा विचार सोयीपुरताच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली व २०२५ साली कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सहा किलोमीटरांच्या चौकटी वापरते. त्या मापाने बीड जिल्ह्यातच सुमारे तीनशे चौकटी होतात, आणि शिवाय वातावरणाचे अनेक थर. अशा गणितात प्रत्येक प्रोसेसर आपल्या प्रदेशाची वेगळी फाइल लिहू लागला, तर लेखन जलद होते. परंतु पुढे वाचणाऱ्यास त्या दिवशी किती प्रोसेसर होते याचे ओझे वाहावे लागते. सर्वांनी मिळून एकच फाइल लिहिण्याची सोय एचडीएफ-५ मध्ये आहे. मात्र संकुचित ठोकळे सामुदायिकरीत्या लिहिणे २०१८ पर्यंत तिला साधले नव्हते.

तथापि इतिहासकाराच्या दृष्टीने वेगापेक्षा गंभीर बाब दुसरीच आहे. साध्या द्विमान फाइलीत आकड्यांखेरीज काहीही नसते. एकक मिलिमीटर आहे, −९९९ म्हणजे ‘नोंद नाही’, पहिला बिंदू ६.५ अंश उत्तर व ६६.५ अंश पूर्व येथे आहे, हे सर्व निराळ्या कागदावर. तो कागद हरवला की फाइल मुकी होते. नेटसीडीएफ ही माहिती स्वतःबरोबर वागविते. पण तीही आपोआप येत नाही. कोणीतरी ती लिहावी लागते.

बीडच्या चौकटींत −९९९ आढळत नाही. प्रत्येक दिवशी आकडा आहेच, कारण तो आसपासच्या केंद्रांवरून अंतराच्या प्रमाणात अनुमानिलेला आहे. केंद्रांची संख्या सर्व काळ सारखी नव्हती. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पासून मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात. जुने पाऊसमान इंचांत, नंतरचे मिलिमीटरांत. जालिकेत या सर्वांचा मागमूस उरत नाही, आणि नकाशावर १९०५ चा रंग व २०१५ चा रंग सारख्याच विश्वासाने झळकतात. त्या दिवशी त्या चौकटीमागे किती मापके होती, हा एक आकडा ठोकळ्यांच्या फाइलीत पर्जन्याशेजारी दुसरी राशी म्हणून ठेवता येतो. शून्यांप्रमाणेच तोही फारशी जागा व्यापणार नाही. तो असल्यावाचून बहात्तरची तुलना १९०५ सालाशी करावयास बसणे धाडसाचे ठरेल.